गोडाऊन भरलं, तरी धास्ती का जात नाही?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

घरचा छोटा कारखाना. विहिरी आणि बोअरवरच्या मोटारींची स्टार्टर पॅनेल तिथे तयार होतात. तो सासऱ्यांनी, आप्पांनी, उभा केला. आता हिशेब आणि खरेदी या ताई बघतात, विक्री दीर बघतात. कामाला चौदा जण. 2020च्या लॉकडाऊनला दोनशे तयार पॅनेल शेडमध्ये अडकली. मे महिन्यात बिहारची मुलं गावी गेली, त्यातली निम्मी परत आलीच नाहीत. 2021च्या एप्रिलमध्ये पत्र्याचे डबे कापून मिळेनात. त्याच वर्षी पुढे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचं, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करून तिला जळण्यापासून वाचवणारं, कार्ड चार महिने मिळालं नाही आणि वीस वर्षं जोडलेला एक डीलर दुसऱ्या कंपनीकडे गेला. तेव्हापासून आप्पांचा दंडक आहे की प्रत्येक वस्तू सहा महिन्यांची भरून ठेवायची. महिन्याची खरेदी साधारण 10 लाखांची, म्हणजे गोडाऊनमध्ये 60 लाखांचा माल. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज 11 टक्के, लिमिट कायम भरलेली. दीर म्हणतात, पुण्याचा एक व्यापारी तयार कार्डं स्वस्तात देतोय, सगळी खरेदी त्याच्याकडेच वळवू. ताई लिहितात, ‘लॉकडाऊनमध्ये माल मिळाला नाही म्हणून आमचा धंदा बसला. आता माल कमी केला आणि उद्या पुन्हा साथ आली तर बोल माझ्यावर येईल. नाही कमी केला तर व्याज आम्हाला खातंय. बातम्यांत नव्या विषाणूचं नाव आलं की मला झोप लागत नाही. आप्पांना सांगू तरी काय?’

ताई,

‘माल मिळाला नाही म्हणून धंदा बसला’ हे तुमचं वाक्य आधी घेऊ. घरातला सगळा वाद त्या वाक्यावर उभा आहे, आणि पत्रात तुम्हीच लिहिलेल्या गोष्टी त्याच्याशी जुळत नाहीत.

मार्च 2020 घ्या. 24 तारखेला रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा तुमचा सीझन ऐन भरात होता. उन्हाळ्यात उपसा वाढतो, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, आणि स्टार्टरला गिऱ्हाईक येतं. तुमच्याकडे दोनशे पॅनेल तयार होती. म्हणजे कच्चा माल होता आणि पक्काही होता. बंद होती ती दुकानं आणि गाड्या. तुमच्या जिल्ह्यात तर इस्लामपूरला रुग्ण सापडल्यामुळे मार्चअखेरीसच कडक बंदोबस्त होता. त्या दिवशी गोडाऊनमध्ये सहा महिन्यांचा माल असता तर दोनशेच्या जागी चारशे पॅनेल अडकली असती.

मग मे महिना. 1 मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या आणि तुमची मुलं गेली. तेव्हाही कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), वायर, डबे सगळं कपाटात होतं. हात नव्हते.

एप्रिल 2021चं कोडं मात्र समजून घेण्यासारखं आहे. पत्रा बाजारात होता, लेझर कटिंगवाल्याचं मशीन चालू होतं, आणि तरी डबे मिळेनात. असं का झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित त्या वेळी कुणी नीट सांगितलंही नसेल. लोखंडी पत्रा लेझरने कापताना बऱ्याच ठिकाणी ऑक्सिजनचा झोत वापरतात. दुसऱ्या लाटेत रुग्णांना ऑक्सिजन पुरेना, म्हणून 22 एप्रिल 2021पासून केंद्राने नऊ प्रकारचे उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. त्याच आठवड्यात कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले होते. जीव वाचवायला तो निर्णय घ्यावाच लागणार होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तुमच्या डब्याची साखळी दवाखान्याच्या सिलिंडरशी जोडलेली आहे हे तोवर तुमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पत्रा कितीही साठवला असता तरी तो कापला गेला नसता.

राहिलं कार्ड. चार वेळा तुमचं काम थांबलं, त्यातली ही एकच वेळ साठ्याने टळली असती. आप्पांचा उपाय त्या एका वेळेचा आहे आणि त्यांनी तो सगळ्या वस्तूंना लावला आहे. घाबरण्यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही. वीस वर्षं जोडलेलं गिऱ्हाईक हातातून गेलं की कुणीही धसका घेईल.

कार्ड का मिळालं नाही, तेही सांगते, कारण पुढचा सल्ला त्यातूनच येतो. त्या कार्डावर एक छोटी प्रोग्रॅम भरलेली चिप असते. पूर्ण पॅनेलच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. 2020च्या सुरुवातीला जगभरच्या मोटार कंपन्यांनी गाड्या खपणार नाहीत म्हणून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप, फोन, टीव्हीवाल्यांना दिली, कारण घरी बसलेलं जग तेच विकत घेत होतं. वर्षअखेरीस गाड्यांची मागणी उसळली तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. जुन्या पद्धतीने बनणाऱ्या साध्या, स्वस्त चिपचा तुटवडा सगळ्यात चिवट ठरला. त्यात मार्च 2021मध्ये जपानच्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली. ऑगस्टमध्ये चीनच्या निंगबो बंदरातलं एक टर्मिनल एका कामगाराला कोरोना झाला म्हणून दोन आठवडे बंद राहिलं. चाळीस फुटी कंटेनरचं भाडं साथीआधी दीड हजार डॉलरच्या आसपास असायचं. सप्टेंबर 2021मध्ये सरासरी दहा हजारांच्या वर गेलं.

त्यातच सगळ्यांनी एकच गोष्ट केली. शंभर हवे असताना दोनशे मागवले, म्हणजे निदान शंभर तरी मिळतील. तुमच्या डीलरनेही केलं असेल, तुम्हीही केलं असेल. वरच्या माणसाला वाटलं मागणी दुप्पट झाली, त्याने चौपट मागवलं. खऱ्या तुटवड्यावर हा खोटा तुटवडा चढला. म्हणून डीलरकडून ऑर्डर घेताना त्याच्या दुकानातून गेल्या महिन्यात खरंच किती पॅनेल विकली गेली, तेही विचारत जा. दर महिन्याला एक फोन, वहीत एक आकडा, इतकंच. गडबडीच्या काळात त्या वहीसारखं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

टोयोटाचं उदाहरण आप्पांना जरूर सांगा. गरजेपुरताच माल, गरजेच्याच वेळी, ही पद्धत जगाला शिकवणारी हीच कंपनी. मार्च 2011च्या भूकंप-त्सुनामीत तिचे पुरवठादार कोलमडले, तेव्हा तिने कुठल्या वस्तू पुन्हा उभ्या राहायला सगळ्यात जास्त वेळ घेतात ते शोधलं आणि चिपसारख्या निवडक वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. प्रत्येक वस्तूचा नाही. त्याच्या जोरावर 2021च्या पूर्वार्धात इतर कंपन्या बंद पडत असताना ती बराच काळ तगली. शेवटी सप्टेंबर 2021मध्ये तिलाही जगभरातलं उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी कमी करावं लागलं. एवढी ताकद आणि तयारी असलेल्यांनाही पूर्ण सुरक्षितता मिळाली नाही, हे आप्पांनी आणि तुम्हीही मान्य करायला हवं.

आता हाताने करायचं काम. प्रत्येक प्रकारचं एक तयार पॅनेल टेबलावर घ्या, झाकण काढा, आणि तुमच्या जुन्या वायरमनला शेजारी बसवून एकेक वस्तू वहीत लिहा: डबा, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्टार्ट आणि रन कपॅसिटर, अँपिअर मीटर, व्होल्ट मीटर, पुश बटण, प्रिव्हेंटरचं कार्ड, टर्मिनल पट्टी, वायर, ग्लँड, लग, स्टिकरसुद्धा. प्रत्येकीपुढे विचारा: ही सहा आठवडे आली नाही तर पॅनेल बाहेर जाईल का? दुसऱ्या मेकची, म्हणजे कंपनीची, बसते का, की होलही बदलावं लागतं? मागवल्यापासून किती दिवसांत येते, आणि गेल्या वर्षी जास्तीत जास्त किती लागले? पडून राहिली तर खराब होते का?

हे करताना बहुतेक कारखान्यांत जे दिसतं तेच तुम्हालाही दिसेल असं मला वाटतं. ज्या वस्तूवाचून खरोखर काम अडतं ती महाग नसते आणि जागाही खात नाही. तुमच्या बाबतीत ती कार्ड. सहा महिन्यांची कार्डं एका कपाटात मावतात. ती जरूर ठेवा, कोरड्या जागी, बंद पिशवीत, आलेल्या तारखेसकट, आणि जुनी आधी वापरा.

कॉन्टॅक्टर आणि रिले तीन-चार मेकचे मिळतात. माउंटिंग पट्टीला दोन मेकची होलं आधीच पाडून ठेवली तर दीड-दोन महिन्यांचा साठा पुष्कळ झाला. स्टार्ट कपॅसिटर तर फार काळ साठवूच नका, ते इलेक्ट्रोलिटिक असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं वापराविना पडला की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, आणि तो पॅनेलमध्ये घालून दिला की तक्रार तुमच्या नावावर येते. आप्पांच्या साठ्यात 2022 सालचे कपॅसिटर असतील तर आधी ते तपासून बघा.

तांब्याच्या वायरीचं वेगळं आहे. तांबं साठवणं म्हणजे भावावर पैसे लावणं. मार्च 2020मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याचा टनाचा भाव पाच हजार डॉलरच्या खाली होता, मे 2021मध्ये दहा हजारांच्या वर. ज्यांनी खाली असताना घेतलं ते सुटले. पण भाव उलटाही फिरतो, आणि तुमचा धंदा स्टार्टरचा आहे. महिन्याभराची वायर पुरे.

डब्यांसाठी साठा नको, दुसरी वाट हवी. तुमच्या कटिंगवाल्याला विचारा, पातळ पत्रा नायट्रोजनवर किंवा कॉम्प्रेस्ड एअरवर कापता येईल का. बऱ्याच मशीनवर येतो, कडा थोडी वेगळी येते, दर वेगळा पडतो. नाहीतर नेहमीच्या दोन मापांची डाय (साचा) करून प्रेसवर डबे पंच करून देणारा कुणी कुपवाड-मिरजेकडे शोधा आणि वर्षातून दोन लॉट त्याच्याकडून करून घ्या.

आता हिशेब मांडू. तुमच्या 10 लाखांत कशाचा किती वाटा ते पत्रात नाही, म्हणून मी अंदाज धरते: कार्ड 1 लाख, कॉन्टॅक्टर-रिले-कपॅसिटर 4, बाकी सगळं 5. कार्ड सहा महिन्यांचं, मधला गट दोन महिन्यांचा, बाकी महिन्याचं धरलं तर 19 लाख होतात. सीझनच्या तोंडावर आणखी सहा लाख धरा, म्हणजे 25. तुमच्या 60 लाखांतले 35 लाख मोकळे होतात आणि 11 टक्क्यांनी वर्षाचं 3 लाख 85 हजार व्याज वाचतं. चौदा जणांचा दीड महिन्याचा पगार, माणशी 16 हजार धरला, तर 3 लाख 36 हजार होतो. म्हणजे जास्तीच्या मालावर तुम्ही वर्षाला जेवढं व्याज भरता, तेवढ्यात सगळ्या माणसांना दीड महिना घरी बसवून पूर्ण पगार देता आला असता. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून आप्पांसमोर ठेवा.

कारण साथीत तुमच्यासारखे कारखाने जास्त करून रोख आटल्यामुळे अडचणीत आले. वसुली थांबली आणि पगार, लाइटबिल, हप्ते चालू राहिले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्त्यांना सवलत दिली, पण व्याज चढतच होतं. सरकारने विनातारण जादा कर्ज दिलं ते फेब्रुवारी 2020अखेरच्या कर्जबाकीच्या 20 टक्क्यांपर्यंत. पुढच्या वेळी अशी योजना येईलच असं धरून चालू नका. तुमच्या हातात असलेली मदत म्हणजे मोकळी सीसी. लिमिटचा किमान तिसरा हिस्सा रिकामा राहील असा नेम करा. मालात अडकलेले पैसे लॉकडाऊनमध्ये बाहेर काढता येत नाहीत, कारण तेव्हा तो माल घ्यायला कुणी येत नाही.

माणसांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत की निम्मी मुलं परत आली नाहीत. माझ्या मते त्या चार अडचणींपैकी हा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि घरात त्यावर सगळ्यात कमी बोलणं झालेलं दिसतं. ती मुलं का गेली? रोजची कमाई बंद झाली, खोलीचं भाडं चढत होतं, गावी आई-बाप घाबरले होते, आणि इथे आपल्याला काही झालं तर कोण बघणार हे माहीत नव्हतं. 8 मे 2020ला जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशात घरी जायला पायी निघाले होते. करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. तुमच्या आमच्या राज्यात हे झालं. त्यामुळे कामगार टिकवणं याला मी नुसता पुरवठ्याचा मुद्दा म्हणणार नाही, पण तो तसाही आहेच. दीड महिन्याच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि ती आहे हे माणसांना सांगा. प्रत्येकाच्या गावाकडचा एक फोन नंबर वहीत हवा, पगार बँकेतच जायला हवा, ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंदणी पूर्ण हवी. कार्ड तपासण्याचं आणि कॉन्टॅक्टर वायरिंगचं काम किमान तिघांना यावं. आयटीआयची स्थानिक मुलं-मुली शिकाऊ म्हणून घ्या. वायरिंगचं काम तर गावातल्या बायका फार सफाईने करतात. बिहारच्या मुलांना काढायला मी सांगत नाही, एक वाट बंद झाली तर दुसरी असावी एवढंच.

तुमचे छोटे जॉबवर्कवाले याच हिशेबात धरा. पावडर कोटिंगवाल्याचं बिल तीन महिने अडकवून तुम्ही स्वतःची रोख सांभाळलीत आणि त्याने भट्टी बंद केली, तर तुमचे डबे रंगाविना पडतील. त्याला वेळेवर पैसे द्या. तुमची स्वतःची वसुली कायद्याच्या आधाराने करा: उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सूक्ष्म-लघु उत्पादकाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत हे 2006च्या कायद्यातच आहे. आणि 2024-25 या कर-निर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. डीलरच्या सीएला हे माहीत असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापला की बोलणं सोपं होतं.

एक मुद्दा पत्रात नाहीच, आणि सांगलीच्या माणसाने तो विसरावा याचं मला आश्चर्य वाटलं. ऑगस्ट 2019मध्ये महापूर आला, जुलै 2021मध्ये पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. तुमचं पुढचं थांबणं साथीनेच येईल असं कशावरून? कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात 60 लाखांचा माल एकाच शेडमध्ये जमिनीलगत ठेवणं ही स्वतःच एक जोखीम आहे. कार्डांचं कपाट माळ्यावर किंवा घरी हलवा. विम्याची पॉलिसी काढून आजच तीन गोष्टी बघा: पूर त्यात आहे का, साठ्याची रक्कम खऱ्या मालाएवढी आहे का (60 लाखांचा माल 30 लाख दाखवला असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते), आणि धंदा बंद राहिल्याचं नुकसान कुठल्या अटीवर मिळतं. सर्वसाधारणपणे ते आग-पुरासारखं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच मिळतं, साथीमुळे शटर बंद राहिलं म्हणून मिळत नाही. त्या भरवशावर बसू नका.

आता तुमच्या झोपेचं. वुहान 23 जानेवारी 2020ला बंद झालं. 30 जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे लॉकडाऊन 24 मार्चला आला. मधे सात आठवड्यांहून जास्त काळ होता. तेवढ्या वेळात कार्डं वाढवता आली असती, तयार पॅनेल डीलरकडे पोचवता आली असती, उधारी गोळा करता आली असती, मुलांशी बोलता आलं असतं. ते कुणाला सुचलं नाही, कारण काय बघायचं आणि बघून काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. उलट मंकीपॉक्ससाठी 2022 आणि 2024मध्ये तशीच आणीबाणी जाहीर झाली, आणि तुमच्या एकाही कॉन्टॅक्टरला उशीर झाला नाही. त्यामुळे विषाणूच्या नावावर लक्ष ठेवून काही हाती लागणार नाही. लक्ष ठेवायचं ते कार्ड किती दिवसांत येतंय यावर. नेहमी तीन आठवड्यांत येणारं कार्ड पाच आठवड्यांवर गेलं, किंवा दोन पुरवठादार ‘कोट्याप्रमाणे देऊ’ म्हणायला लागले, की त्या दिवशी काय करायचं ते एका कागदावर आत्ताच लिहून ठेवा: किती कार्डं जादा मागवायची, कुणाची उधारी आधी गोळा करायची, तयार माल कुठल्या डीलरकडे हलवायचा, कोणाला कुणी फोन करायचा. आणि हेही लिहा की कॉन्टॅक्टर आणि वायर घाबरून मागवायची नाही.

त्याच कागदावर शेतीसाठीच्या सवलतीची नोंद हवी. एप्रिल 2020च्या सुरुवातीला केंद्राने शेती अवजारं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची दुकानं, त्यांच्या पुरवठ्यासकट, लॉकडाऊनमधून वगळली होती. स्टार्टर त्यात बसतो की नाही हे शेवटी स्थानिक अधिकाऱ्यावर होतं. ज्यांचं उद्योजक संघटनेत नाव होतं आणि माल शेतीपंपाचा आहे हे दाखवायला कागद हाताशी होते, त्यांना तो मुद्दा मांडता आला. तुमच्या बिलांवर, उद्यम नोंदणीत, माहितीपत्रकात ‘शेतीपंपासाठी’ हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

आप्पांशी बोलताना व्याजाचा कागद शेवटी काढा. आधी त्यांना त्या चार वेळा एकेक करून आठवायला लावा, त्यांच्या तोंडून येऊ द्या. 2020मध्ये शेडमध्ये पॅनेल पडून असताना त्यांनी काय सोसलं ते तुम्ही बाजूने पाहिलंय. त्यांनी उभा केलेला कारखाना त्यांच्यासमोर थांबला होता. त्यांची भीती खोटी ठरवून तुम्ही काही मिळवणार नाही. कार्डांच्या कपाटाची किल्ली आणि वही त्यांच्याकडे द्या. सहा महिन्यांचा दंडक तिथे पाळायचा, एकही कमी होऊ द्यायचं नाही. बाकीचा माल विकून टाकायची घाईही नको, तोट्यात तर मुळीच नाही. पावसाळ्यात तसंही काम कमी असतं. त्या महिन्यांत वायर, डबे, मीटरची नवी खरेदी थांबवा आणि आहे ते वापरत चला. ऑक्टोबरपर्यंत शेड निम्मं मोकळं झालेलं आप्पांना रोज थोडं थोडं दिसेल, एकदम धक्का बसणार नाही. आणि हा निर्णय तिघांच्या सहीने वहीत लिहा. ‘बोल माझ्यावर येईल’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात जास्त लागलं. खरेदी तुम्ही बघता म्हणून पूर, साथ, युद्ध यांची जबाबदारी एकट्या सुनेवर यावी हे मला मान्य नाही.

राहिला दिरांचा पुण्याचा व्यापारी. दोन ठिकाणी खरेदी असावी हे त्यांना पटवा, पण दोन दुकानं म्हणजे दोन पुरवठादार असं समजू नका. पुण्याच्या तपकीर गल्लीतला एक आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा एक, दोघंही कार्ड एकाच आयातदाराकडून उचलत असतील तर तुमच्याकडे एकच पुरवठादार आहे. औषधांच्या बाबतीत साऱ्या देशाला हेच दिसलं. गोळ्या आपल्याकडे बनतात, पण त्यांना लागणारा आयात होणारा मूळ कच्चा माल सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतो, आणि तिकडचं चक्र थांबताच 3 मार्च 2020ला सरकारला पॅरासिटामॉलसह 26 औषधी घटकांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. तेव्हा व्यापाऱ्याला सरळ विचारा: कार्ड कुठे बनतं, चिप कुठल्या मेकची, तिला पर्याय कोणता. उत्तर द्यायला तो कचरला तर भाव कितीही कमी असो, सगळी खरेदी तिकडे वळवायची नाही.

सध्याचा कार्डवाला सोडू नका. त्याला विचारा की त्याच बोर्डावर दोन वेगळ्या मेकच्या चिप बसतील असा आराखडा तो करून देईल का. प्रोग्रॅम दोनदा लिहावा लागेल, त्याचा एकदाचा खर्च तुम्ही उचला, मोकळ्या झालेल्या पैशातून तो सहज निघतो. पुण्याच्या कार्डांचे पन्नास नमुने घ्या आणि दिरांनी ते तासगाव-जतकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या पॅनेलमध्ये एक पूर्ण उन्हाळा चालवून बघावेत, लो व्होल्टेजला, रात्रीच्या लाइटला, फेज गेल्यावर. टिकले तर दर महिन्याच्या गरजेतला चौथा हिस्सा त्याला द्या आणि नेमाने द्या, कारण टंचाईत व्यापारी आधी रोजच्या गिऱ्हाइकाला माल देतो. प्रत्येक कार्डावर कुणाकडून कधी आलं त्याचा शिक्का मारा, म्हणजे तक्रार आली की कुणाला फोन करायचा ते लगेच कळेल.